हरणाऱ्या संघामागे परमुलखात

६ डिसेंबर २०२२ रोजी बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राची नंबरप्लेट असलेल्या गाड्यांवर दगडफेक झाली, सीमाप्रश्न पुन्हा पेटला आणि महाराष्ट्राच्या एसटीने कर्नाटकातल्या फेऱ्या थांबवल्या. निपाणी, बोरगाव, संकेश्वर, चिकोडी या पट्ट्यातल्या माणसाला यात नवल वाटलं नाही. वातावरण तापलं की पुणे-बंगळूर महामार्गावर कोगनोळीला गाडी अडते, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्याच पंधरवड्यात कतारमध्ये विश्वचषक फुटबॉल रंगात आला होता. इथून तासाभराच्या वाटेवरच्या कोल्हापुरात पेठापेठांतून अर्जेंटिना, ब्राझील आणि पोर्तुगालचे झेंडे लागले होते, चौकाचौकांत मेस्सी, नेमार, रोनाल्डोचे कटआउट उभे होते. १८ डिसेंबरच्या रात्री अर्जेंटिनाने टायब्रेकरवर फ्रान्सला हरवलं तेव्हा कोल्हापुरात फटाके उडाले, पोरं दुचाक्यांवर झेंडे घेऊन रस्त्यावर उतरली. शेजारच्या तालुक्याला जाणारी गाडी जेव्हा भरवशाची नव्हती, तेव्हा जगाच्या दुसऱ्या टोकाचा देश मात्र आपला वाटत होता. त्या सगळ्या झेंड्यांच्या गर्दीत भारताचा झेंडा असण्याचं कारणच नव्हतं, कारण भारत त्या स्पर्धेत नव्हता. तो आजवर एकाही विश्वचषकात खेळलेला नाही. १९५०मध्ये इतर संघांनी माघार घेतल्यामुळे ब्राझीलला जायची संधी चालून आली होती, यजमान खर्चाचा भार उचलायलाही तयार होते. पण लांबचा प्रवास, अपुरा सराव आणि निवडीवरचे मतभेद अशी कारणं पुढे आली आणि संघ गेलाच नाही.

या लेखाचं म्हणणं एवढंच आहे की ज्या मुलखात फुटबॉलचा इतका नाद आहे, नादाला धरून ठेवणारी मंडळं आहेत आणि नादापायी खिशात हात घालायची तयारी आहे, त्या मुलखाने भारताच्या संघामागे, मित्रांचा गट करून, परदेशातल्या मैदानांवर जायला हवं. संघ सुधारला की जाऊ, ही भाषा इथे उपयोगाची नाही. तो आज कमकुवत आहे, हेच जाण्याचं सर्वांत मोठं कारण आहे. ही सूचना पहिल्यांदा ऐकताना हास्यास्पद वाटेल. तिच्यावरचे आक्षेपही तगडे आहेत आणि त्यातले काही खरेही आहेत. म्हणून ती पुराव्यानिशी तपासून पाहायला हवी.

आधी इथे काय आहे ते पाहू. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, म्हणजे केएसएची, वरिष्ठ गटाची लीग १६ संघांची असते. पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा या तालमी, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी यांची नावं फुटबॉल न पाहणाऱ्या कोल्हापूरकरालाही तोंडपाठ असतात. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ उभे करावेत, हा प्रकार देशात फारसा कुठे आढळत नाही. सामन्याच्या दिवशी शाहू स्टेडियमच्या पायऱ्या पेठांप्रमाणे वाटल्या जातात. आपल्या तालमीच्या रंगाचा टीशर्ट घातलेली पोरं एका बाजूला, समोरची पेठ दुसऱ्या बाजूला. शिट्ट्या, हाकारे, पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार. साठी उलटलेला माणूसही ‘आमच्या वेळी’ अमुक वर्षाच्या अंतिम सामन्यात कुणी कुणाला कसा चकवा दिला, ते हाताने रेघा ओढून दाखवतो. निपाणीहून जवळच असलेल्या गडहिंग्लजला दिवाळीच्या सुट्टीत बाहेरच्या राज्यांतले संघ येतात आणि गाव स्पर्धेभोवती गोळा होतं. बेळगावात सेंट पॉल्स हायस्कूलच्या माजी विद्यार्थ्यांनी फादर एडी यांच्या स्मरणार्थ चालवलेली आंतरशालेय स्पर्धा म्हणजे शहरातल्या कित्येक खेळाडूंची पहिली पायरी. हे सगळं धरलं तर एक गोष्ट मान्य करावी लागते: प्रेक्षक घडवण्याचं काम या पट्ट्यात कधीच झालेलं आहे. इथला माणूस सामना बघायला येतो तो संघाचा होऊन. गोल झाला म्हणून टाळ्या वाजवून घरी जाणाऱ्यातला तो नव्हे.

दुसरी जमेची बाजू गटाची. परदेशात सामना बघायला एकटादुकटा माणूसही जाऊ शकतो, पण संघामागे जायचं तर गट लागतो. बॅनर धरायला, आवाज लावायला, एकाचे पैसे कमी पडले तर सांभाळून घ्यायला, आणि हरल्यावर रात्रभर त्याच सामन्याची चिरफाड करायला. असा गट जमवण्यासाठी या भागात नव्याने काही शिकावं लागत नाही. वारीतली दिंडी जशी वर्गणी, वाहन, शिधा आणि मुक्काम वर्षभर आधी ठरवून निघते, तशी इथली मित्रमंडळं भिशीवर चालतात. दर महिन्याला ठरलेल्या दिवशी पैसे जमा होतात, वहीत नोंद होते, आणि वर्षाअखेर त्यातून गोव्याची, तिरुपतीची, कधी थायलंडची सहल निघते. ट्रॅव्हल कंपन्यांची पाटी पाहिली की कळतं, बँकॉक-पटायाचं पॅकेज आता निपाणी-इचलकरंजीसारख्या गावांत परकं राहिलेलं नाही. पैसा आहे, सवड काढता येते, पासपोर्ट काढायची सवय लागली आहे. प्रश्न उरतो तो एवढाच की जायचं कुठे आणि कशासाठी.

परदेशातच का, हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर भारतीय फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या दिवसात आहे. ४ सप्टेंबर १९६२, जकार्ता, आशियाई खेळांचा अंतिम सामना. साखळीत दक्षिण कोरियाने भारताला २-० असं हरवलं होतं आणि आता सुवर्णपदकासाठी गाठ पुन्हा त्यांच्याशीच होती. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता. त्यावर आशियाई खेळांचे एक संस्थापक, भारताचे जी. डी. सोंधी यांनी जाहीर आक्षेप घेतला आणि यजमान देशातला राग भारतावर उलटला. भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. सेनायानच्या अवाढव्य मैदानात भारताचं राष्ट्रगीत हुर्योत बुडालं. जर्नेलसिंगच्या डोक्याला आधीच्या सामन्यात जखम होऊन टाके पडले होते. तरी प्रशिक्षक रहीम यांनी या बचावपटूला आघाडीवर खेळवलं. गोलरक्षक पीटर थंगराज तापातून उठलेला. मधल्या फळीत मूळचा गोव्याचा, मुंबईत खेळून नाव काढलेला फॉर्च्युनाटो फ्रँको. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल यांनी पहिल्या वीस मिनिटांतच दोन गोल केले आणि भारत २-१ असा जिंकला. त्या मैदानात भारताच्या बाजूने ओरडणारे कोण होते? खेळाडूंनी पुढे सांगितलेल्या आठवणींत उत्तर येतं: पाकिस्तानचा हॉकी संघ. ज्या दिवशी आपला संघ आशियात पहिला आला, त्या दिवशी त्याला आवाज द्यायला शेजारच्या देशाचे खेळाडू होते. चुनी गोस्वामींचा तो संघ असामान्य होता म्हणून निभावलं. प्रत्येक संघाकडून तेवढी अपेक्षा धरणं म्हणजे अन्याय आहे.

प्रेक्षकांचा परिणाम खरोखर होतो की ही नुसती भावना आहे? याचा पडताळा घेण्याची संधी करोनाने दिली. मे २०२०मध्ये जर्मनीची बुंडेसलिगा रिकाम्या स्टेडियममध्ये सुरू झाली, पाठोपाठ युरोपातल्या इतर लीगही. अभ्यासकांनी नंतर आकडे तपासले तेव्हा दोन गोष्टी वारंवार दिसल्या. घरच्या मैदानाचा फायदा कमी झाला, आणि पंचांकडून पाहुण्या संघाला मिळणारी पिवळी कार्डं घटली. म्हणजे गर्दी खेळाडूंच्या कानांपर्यंत जाते तशी पंचाच्या शिट्टीपर्यंतही जाते. शाहू स्टेडियममधल्या पोरांना हे सांगायला संशोधन लागत नाही, ती पिढ्यानपिढ्या त्याच भरवशावर ओरडत आली आहेत. ११ जून २०२४ला दोह्यात कतारविरुद्ध भारत १-० असा पुढे होता. चेंडू गोलरेषेच्या बाहेर गेलेला असताना तो आत ओढून कतारने गोल केला, पंचांनी तो ग्राह्य धरला, चित्रफीत पाहून निर्णय फिरवण्याची सोय त्या सामन्यात नव्हती, आणि भारत २-१ असा हरून विश्वचषकाच्या पात्रता फेरीतून बाहेर पडला. आपल्या बाजूचे आणखी हजार घसे असते तर निर्णय बदलला असता, असं कुणीही म्हणू नये. पण यजमानाच्या मैदानावर शंकेचा फायदा कुणाकडे झुकतो, हे आकड्यांनी दाखवलेलं आहे, आणि तो झुकाव थोडा तरी आपल्याकडे ओढणं प्रेक्षकाच्या हातात असतं. त्याच्या सात महिने आधी, १६ नोव्हेंबर २०२३ला, कुवेत शहरात मनवीरसिंगच्या गोलवर भारताने कुवेतला १-० असं हरवलं तेव्हा स्टेडियममधले भारतीय आवाज टीव्हीवरही स्पष्ट ऐकू येत होते.

हे आवाज कुणाचे, ते नीट पाहायला हवं. जानेवारी २०२४मध्ये कतारमध्ये आशियाई चषक झाला. भारताने ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया यांच्याशी तीन सामने खेळले, तिन्ही हरले आणि एकही गोल केला नाही. तरी ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्याला पस्तीस हजारांहून अधिक, तर सीरियाविरुद्धच्या सामन्याला चाळीस हजारांहून अधिक प्रेक्षक होते, आणि त्यात निळा रंग मोठा होता. तिकिटं २५ रियालपासून, म्हणजे आपल्या सहाशे रुपयांच्या आत मिळत होती. निळे टीशर्ट घातलेल्यांत चालक, वायरमन, हॉटेलातले कामगार, परिचारिका, हिशेबनीस असे आखातात पोट भरायला गेलेले लोक होते. केरळचे सर्वांत जास्त. भारतातून खास संघासाठी जाणाऱ्यांत ‘ब्लू पिलग्रिम्स’ हा २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकाच्या सुमारास उभा राहिलेला गट ठळक आहे. तो वयोगटाच्या, पुरुषांच्या, महिलांच्या अशा सगळ्या भारतीय संघांमागे जातो. या चित्रात मराठी माणूस अगदीच नाही असं नाही. दुबई, दोहा, कुवेत इथे महाराष्ट्र मंडळं आहेत, गणपती बसतो, दिवाळी अंक पोचतात. पण फुटबॉलसाठी मराठी गट म्हणून ओळखू यावा असा आवाज तिथे उठत नाही, आणि फुटबॉलचं माहेर म्हणवणाऱ्या कोल्हापूर पट्ट्यातून संघामागे जाणारा जथा निघत नाही. २०१७च्या त्याच विश्वचषकात भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पोरगा देशाकडून खेळतो, गाव मात्र ब्राझीलचा झेंडा लावतं.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत सरळ: हा संघ हरतो, त्याच्यामागे पदरचे पैसे घालून का जायचं? जुलै २०२३मध्ये जागतिक क्रमवारीत ९९वा असलेला भारत दोन वर्षांत १३३वर घसरला. १४ ऑक्टोबर २०२५ला मडगावच्या फातोर्डा मैदानावर, म्हणजे घरी, सिंगापूरने आपल्याला २-१ असं हरवलं आणि २०२७च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं. हे सगळं खरं आहे. पण जिंकणाऱ्यामागेच जायचं हा नियम जगात कुठेच लागू नाही. स्कॉटलंडचा संघ २०२४पर्यंत कोणत्याही विश्वचषकात किंवा युरो स्पर्धेत पहिल्या फेरीपुढे गेला नव्हता. तरी २०२४च्या युरोसाठी लाखाहून अधिक स्कॉटिश माणसं जर्मनीत उतरली. पहिल्याच सामन्यात ५-१ असा मार खाल्ला, तीन सामन्यांत एक गुण मिळाला, आणि लोक गात गात परतले. त्यांच्याकडे कुणी वेडे म्हणून पाहत नाही. त्यांचा हेवा केला जातो. आपल्याकडेही पाटाकडील हरली म्हणून पेठेतली पोरं पुढच्या मोसमात दुसऱ्या तालमीकडे जात नाहीत. हरणाऱ्याची साथ सोडायची नाही ही रीत इथे गल्लीत पाळली जाते; ती देशाच्या संघाला का लावली जात नाही, एवढाच सवाल आहे. जून २०१८मध्ये अंधेरीच्या मैदानात भारताने चिनी तैपेईला ५-० असं हरवलं, तेव्हा अधिकृत प्रेक्षकसंख्या होती २,५६९. म्हणजे जिंकत असतानाही खुर्च्या रिकाम्या होत्या. मग सुनील छेत्रीने चित्रफितीतून हात जोडले: टीका करा, शिव्या द्या, पण मैदानात या. पुढचा केनियाविरुद्धचा सामना, जो छेत्रीचा शंभरावा होता, तो खचाखच भरला. कर्णधाराला भीक मागावी लागली, हा प्रेक्षकांचा पराभव होता.

दुसरा आक्षेप अधिक विचार करायला लावणारा आहे. फुटबॉल ही जगाची कला आहे. मॅराडोनावर, मेस्सीवर प्रेम करायला अर्जेंटिनाचा पासपोर्ट लागत नाही. राष्ट्राच्या कुंपणात ते प्रेम कोंडू नये. हे म्हणणं बरोबर आहे, आणि १९८६च्या दूरदर्शनवर मॅराडोना पाहून मोठ्या झालेल्या पिढीला ते सोडायला सांगणं मूर्खपणाचं ठरेल. कोलकात्याचे पन्नालाल आणि चैताली चटर्जी हे दांपत्य साध्या मिळकतीतून पै पै साठवून १९८२पासून २०१८पर्यंत दहा विश्वचषकांना गेलं. त्यांच्या प्रेमाला नाव ठेवायची कुणाची छाती आहे? पण दहा विश्वचषक पाहूनही त्यांना तिथे एकदाही भारत दिसला नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. कलेवरचं प्रेम आणि संघाची जबाबदारी या वेगळ्या गोष्टी आहेत. ब्राझीलला आपली गरज नाही; ब्राझील हरल्यावर तिथल्या महासंघाला जाब विचारायला तिथली जनता समर्थ आहे. भारताच्या महासंघाला जाब कोण विचारणार? ऑगस्ट २०२२मध्ये बाहेरच्या हस्तक्षेपाच्या कारणावरून फिफाने भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलं. दहाबारा दिवसांत ते मागे घेतलं गेलं, पण तेवढ्या काळात देशाचा संघ अधिकृत सामना खेळू शकत नव्हता. २०२५मध्ये करारांच्या घोळात इंडियन सुपर लीगचा हंगाम वेळेवर सुरूच झाला नाही. क्रिकेटमध्ये यातलं निम्मं घडलं असतं तर रस्ते पेटले असते. फुटबॉलमध्ये कुणी हललं नाही, कारण झेंडे दुसऱ्यांचे होते. तिकीट काढून, रजा टाकून, विमानात बसून जो संघामागे जातो, त्याचा प्रश्न महासंघाला टाळता येत नाही. मेस्सीचं कटआउट राहू द्या. त्याच्या शेजारी एक जागा रिकामी आहे, एवढंच म्हणणं.

तिसरा आक्षेप खास या पट्ट्याचा. बोरगावच्या माणसाची भाषा मराठी, बाजार इचलकरंजीचा, मतदान कर्नाटकात. इथला खेळाडू निवड चाचणीला बेळगावमार्गे बंगळूरच्या संघटनेकडे जातो, आणि प्रेक्षक म्हणून शाहू स्टेडियमकडे. १९५६पासून लोंबकळलेला प्रश्न, २००४पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला महाराष्ट्राचा दावा. अशा ठिकाणी ‘देशाचा संघ’ म्हणणं म्हणजे दुखण्यावर गोड पांघरूण घालणं नव्हे का? फुटबॉलने सीमाप्रश्न सुटणार नाही, आणि तसा दावा करणाऱ्यावर विश्वासही ठेवू नये. पण एक उदाहरण पाहण्याजोगं आहे. २०२२-२३च्या संतोष चषकाचे शेवटचे सामने पहिल्यांदाच देशाबाहेर, सौदी अरेबियातल्या रियाधला झाले. ४ मार्च २०२३ला कर्नाटकाने मेघालयाला ३-२ असं हरवून ५४ वर्षांनी हा चषक मिळवला. सीमाभागातल्या मराठी माणसाने त्या विजयाचं काय करायचं? आनंद मानावा तर मन कचरतं, न मानावा तर आपल्याच राज्यातल्या पोरांवर अन्याय. राज्यांच्या सामन्यात हा पेच त्याच्या मागे लागतो. देशाच्या संघामागे परदेशात गेलेल्या माणसाला तिथे कुणी विचारत नाही की तू कुठल्या बाजूचा. कोगनोळीच्या अलीकडचा आणि पलीकडचा असे दोघेही एकाच निळ्या टीशर्टात, एकाच रांगेत बसतात आणि घोषणा मराठीत देतात. हा प्रश्नाचा निकाल नव्हे. नव्वद मिनिटांची सुट्टी आहे. सीमाभागाच्या वाट्याला अशा सुट्ट्या फार येत नाहीत, म्हणून तिची किंमत.

चौथा आक्षेप पैशाचा, आणि तो हसण्यावारी न्यायचा नाही. तंबाखूच्या वखारीत मजुरी करणाऱ्याला, यंत्रमागावर पाळी करणाऱ्याला, ऊसबिलाची वाट पाहणाऱ्या दीड एकरवाल्याला दोहा म्हणजे स्वप्न. विश्वचषकाच्या बाबतीत हे खरंच आहे. २०२६च्या स्पर्धेत ४८ संघ, १०४ सामने आणि अमेरिका, कॅनडा, मेक्सिको असे तीन देश. तिथला व्हिसा, विमान, हॉटेल यांचा खर्च मध्यमवर्गालाही झेपणारा नाही. पण भारताचा संघ बहुतेक वेळा आशियातच खेळतो, आणि त्याच्यामागे जाणं त्यामानाने किती तरी स्वस्त. नेपाळला जायला मतदार ओळखपत्र पुरतं. तिथे व्हिसा नाही. आखाताकडे गोव्याहून थेट विमानं सुटतात. पासपोर्टची फी १,५०० रुपये, आणि त्यासाठी आता बंगळूर-पुण्याला खेपा न घालता बेळगाव-कोल्हापूरच्या पोस्टातल्या केंद्रात काम होतं. बारा मित्रांनी महिन्याला तीन हजारांची भिशी लावली तर वर्षाला प्रत्येकाच्या नावावर ३६ हजार होतात; काटकसरीने राहणाऱ्याला आशियातल्या चार दिवसांच्या फेरीसाठी तो पाया पुरेसा आहे. वेळापत्रकही आडवं येत नाही. राष्ट्रीय संघांचे सामने सप्टेंबर-ऑक्टोबर, नोव्हेंबर, मार्च आणि जून अशा ठरलेल्या दिवसांत येतात. सप्टेंबरच्या शेवटी कारखान्याचं धुराडं पेटलेलं नसतं, ऊसतोड टोळ्या यायच्या असतात. ऊसवाल्या शेतकऱ्याला तेवढी सवड असते. आणि ज्याला हेही झेपत नाही, त्याला देशातले सामने आहेत. जुलै २०२३मध्ये बंगळूरच्या कंठीरवा मैदानात टायब्रेकरवर कुवेतला हरवून भारताने दक्षिण आशियाई चषक जिंकला. निपाणीहून रात्रीची बस धरली की सकाळी बंगळूर. फातोर्डा तर त्याहून जवळ, घाट उतरला की गोवा. टीव्हीवर सामना अधिक नीट दिसतो, हे मान्य. पण टीव्हीसमोरचा आवाज पंचापर्यंत पोचत नाही.

पाचवा आक्षेप पोलिसांचा म्हणा किंवा घरच्या बायकांचा म्हणा: ही पोरं परदेशात जाऊन दंगा घालतील. कोल्हापूरच्या फुटबॉलला हुल्लडबाजीचा डाग आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. सामन्यानंतरची दगडफेक, पेठांमधली हाणामारी, त्यापायी थांबवलेल्या स्पर्धा हे स्थानिक वृत्तपत्रांचे नेहमीचे मथळे. यावर उत्तर पुन्हा स्कॉटलंडचंच. जून १९७७मध्ये वेम्ब्लीवर इंग्लंडला हरवल्यावर स्कॉटिश प्रेक्षक मैदानात घुसले, गोलपोस्ट मोडले, हिरवळ उपटून नेली. त्याच प्रेक्षकांनी पुढच्या पंधरा वर्षांत स्वतःची रीत बदलली. इंग्लंडच्या हुल्लडबाजांपेक्षा आपण वेगळे आहोत हे दाखवायचंच, अशी ईर्षा त्यामागे होती. १९९२च्या युरोत त्यांच्या वर्तनाचा युरोपीय फुटबॉल संघटनेने गौरव केला. आज या प्रेक्षकांच्या ‘टार्टन आर्मी’ या नावाने चालणारी एक धर्मादाय संस्था स्कॉटलंडचा संघ ज्या देशात खेळेल तिथल्या मुलांसाठीच्या संस्थेला देणगी देते. ईर्षा तीच असते. ती कशाची धरायची, एवढं ठरवावं लागतं. गल्लीच्या सामन्यात समोरची पेठ शत्रू असते आणि ती रोज डोळ्यांसमोर राहते, म्हणून वैर साचतं. परदेशात तो शत्रूच उरत नाही. पाटाकडील आणि दिलबहार यांची पोरं एकाच विमानात, एकाच बाजूने बसवली, तर कोल्हापूरच्या फुटबॉलचाही फायदाच आहे. ज्याच्या पासपोर्टवर शिक्का बसायचा आहे, त्याला दगड उचलताना दोनदा विचार करावा लागतो, हेही खरं.

एक उणीव मात्र आक्षेप घेणारे सहसा काढत नाहीत, ती आपणच काढायला हवी. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बाई दिसणं दुर्मीळ, आणि भिशीच्या सहलींतही ती नसते. भारताचं आजचं फुटबॉल पाहिलं तर हा आंधळेपणा महागात पडणारा आहे. ५ जुलै २०२५ला थायलंडमधल्या चियांग माई इथे संगीता बासफोरच्या दोन गोलांवर भारताच्या महिलांनी थायलंडला २-१ असं हरवलं आणि पात्रता फेरी खेळून आशियाई चषकात पहिल्यांदा जागा मिळवली. क्रमवारीत वर असलेल्या संघाला त्याच्याच घरी हरवण्याचा हा पराक्रम होता. निपाणी-इचलकरंजीच्या ट्रॅव्हल कंपन्या ज्या देशाची पॅकेजं विकतात, त्याच देशात हा सामना झाला. तिथे त्या वेळी मौज करायला गेलेल्या आपल्याकडच्या गटांना या सामन्याची कुणकुणही नसेल, आणि त्यात दोष त्यांचा एकट्यांचा नाही. संघामागे जायचं तर दोन्ही संघांमागे, आणि जाणाऱ्या गटात मुलीही. नाहीतर पुन्हा एकदा अर्ध्या देशाचाच झेंडा हातात राहील.

सारे आक्षेप वजनात धरूनही पारडं एका बाजूला झुकतं. चांगला संघ आणि चांगला प्रेक्षक यांत आधी कोण, हा वाद आपण सत्तर-पंचाहत्तर वर्षं घालत आलो आणि त्या नादात दोन्ही गमावले. संघ घडवणं कोल्हापूर-बेळगावच्या पोरांच्या हातात नाही. त्यासाठी मैदानं, प्रशिक्षक, लीग आणि शहाणा महासंघ लागतो. प्रेक्षक घडवणं मात्र पूर्ण त्यांच्या हातात आहे, आणि त्यासाठी लागणारा नाद, गट आणि पैशाची शिस्त या तिन्ही गोष्टी त्यांच्यापाशी तयार आहेत. म्हणून हा लेख वाचणाऱ्या मंडळांना सांगणं एकच. पाडव्याला नवी भिशी लागेल, तिच्यातली एक भारताच्या सामन्याच्या नावाने लावा. पहिल्या वर्षी गोवा किंवा बंगळूर करा, दुसऱ्या वर्षी काठमांडू, तिसऱ्या वर्षी आखात. वर्गणी सुरू होईल त्याच आठवड्यात सगळ्यांचे पासपोर्टचे अर्ज भरून टाका, कारण सामन्याची तारीख आणि पासपोर्टची तारीख ऐनवेळी जुळत नाहीत.